सदर इसमाच्या जमेच्या बाजू

खुनी माणसांविषयी माझ्या मनात वैयक्तिक आकस नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेल्या महिन्यात जे झालं त्यावरून आमच्या इमारतीत माझ्याविषयी भलतेसलते समज पसरले आहेत. माझा आकस आहे तो खुनी माणसावर अडीच तासांचा चित्रपट काढणाऱ्यांवर, तो चित्रपट आमच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये आणून लावणाऱ्या दातांच्या डॉक्टरांवर, आणि त्याच्या पाच जमेच्या बाजू माझ्याकडून लिहून घेणाऱ्या अध्यक्षबाईंवर.

आमच्या इमारतीत चित्रपट मंडळ आहे. रविवारी दुपारी जेवणं झाली की लोक आपापल्या घरच्या खुर्च्या उचलून हॉलमध्ये येतात, पडद्यावर काहीतरी बघतात आणि मग एक तास त्यावर बोलतात. ज्यांना झोप लागलेली असते ते जास्त बोलतात. अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्यांनी मंडळाला शिस्त लावली. चर्चेत बोलण्याआधी हात वर करायचा, आणि दर चित्रपटावर कुणीतरी एकाने एका कागदावर जमेच्या बाजू आणि उणिवा लिहून आणायच्या. त्या बंद पाकिटात द्यायच्या, म्हणजे दुसऱ्याने नक्कल करायला नको. सत्तर वर्षांची माणसं कुणाची नक्कल करणार, हा प्रश्न मी एकदा हात वर करून विचारला होता. बाईंनी मला हात खाली करायला सांगितलं.

मी या चर्चांत फारसा बोलत नसे. बोललो तर एखादंच वाक्य बोले. उदाहरणार्थ, "वेळ फुकट गेला." माझ्या मते हे संपूर्ण समीक्षण आहे. पण त्या रविवारी बाई म्हणाल्या, "उणिवा काय, कुणीही काढतं. पुढच्या चित्रपटाचं तुम्ही लिहा. आणि पाच जमेच्या बाजू हव्यात. चार चालणार नाहीत."

मी काही बोलायच्या आत माझी बायको म्हणाली, "त्यांना नाही जमायचं, बाई."

सगळे हसले. दातांचे डॉक्टर तर तोंड उघडून हसले, आणि दुसऱ्यांची तोंडं बघण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला आपलं तोंड कसं दिसतं याची काही कल्पना नसते. मी तिथल्या तिथे सांगितलं की लिहीन. पाच काय, पाच लिहीन.

आता ऑफिसचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी वजन-मापं तपासण्याच्या खात्यात शाखाप्रमुख आहे. दुकानातले तराजू, वजनं, लिटरची मापं आमच्याकडे येतात, आम्ही ती तपासतो आणि बरोबर असली तर त्यांवर ठोकून खूण मारतो. खूण असली की माप खरं. माझ्या हाताखाली खुणा मारायला एक माणूस आहे. आम्ही त्याला मौनी म्हणतो, कारण तो बोलत नाही. मुका नाही, नुसता बोलत नाही. डबा खातानाही खिडकीकडे तोंड करून बसतो. तो सहा वर्षं हंगामी होता आणि आमच्याकडे नियम असा की सहा वर्षं झाली की माणसाला एकतर कायम करायचं, नाहीतर घरी पाठवायचं. कायम की घरी, हे शाखाप्रमुखाच्या गोपनीय अहवालावर ठरतं. तो अहवाल महिनाअखेरीच्या आत मुख्यालयात पोचायला हवा होता, आणि शाखाप्रमुख मी.

त्या अहवालाचा छापील नमुना आहे. डावीकडे 'जमेच्या बाजू', उजवीकडे 'उणिवा'. वर सूचना: 'गोपनीयतेसाठी कर्मचाऱ्याचे नाव कोठेही लिहू नये. "सदर इसम" असा उल्लेख करावा. क्रमांक फक्त पाकिटावर.' सूचना कुणी लिहिली कोण जाणे, पण तिच्यामुळे आमच्या खात्यात माणसाला त्याच्या पाकिटावाचून ओळख नाही.

मौनीचा अहवाल मी शुक्रवारी सात मिनिटांत लिहिला. उणिवा नऊ झाल्या. जमेच्या बाजूंत 'वेळेवर येतो' असं लिहिलं आणि पेन बंद केलं. मला त्याच्याबद्दल आणखी काही सुचलं नाही, आणि सुचवून घ्यावं असंही वाटलं नाही. त्याच गठ्ठ्यातला एक कोरा नमुना मी चित्रपटासाठी घरी नेला. सरकारी कागद घरी नेणं योग्य नाही हे मला माहीत आहे. पण रकाने तयार होते, आणि पट्टीने रेघा मारायचा मला मनापासून कंटाळा आहे.

चित्रपट लागण्याआधीच सल्ले सुरू झाले. डॉक्टर म्हणाले, "कोरियन आहे. नीट बघा. त्यांच्या शांततेत अर्थ असतो." समोरच्या ब्लॉकमधल्या काकूंना कुणीतरी 'सिरियल किलर' एवढं सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "सिरियल असेल तर रोज थोडी थोडी लावा की, एकदम कशाला?" त्यांना समजावताना सिरियल म्हणजे ती सिरियल नव्हे, ओळीने खून करणारा माणूस, असं मला सांगावं लागलं. त्या म्हणाल्या, "ओळीने म्हणजे रांगेत उभं करून?" 

चित्रपटात सगळे कोरियन भाषेत बोलत होते आणि खाली अक्षरं येत होती. मागच्या खुर्च्यांना ती दिसेनात, तेव्हा अध्यक्षबाई उभ्या राहिल्या आणि मोठ्याने वाचायला लागल्या. त्यामुळे आम्हाला तो सबंध चित्रपट मुख्याध्यापिकेच्या आवाजात ऐकावा लागला. "मी तुला जिवंत सोडणार नाही. पूर्णविराम. दार वाजते. कंसात." अंगावर काटा यायच्या जागी मला माझा चौथीचा वर्ग आठवला.

कथा सांगण्यासारखी नाही, पण सांगतो. एक लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस आहे. तो मोठमोठ्या इमारतींतून फिरतो आणि खून करतो, एकूण अकरा. त्याला शोधायला पोलिसांचं एक पथक नेमलं आहे. त्या पथकाला मी कुठल्याही शाखेत कामाला ठेवणार नाही. साहेब ओरडतात आणि खातात. हाताखालचे धावतात आणि पडतात. दर पाठलागात एकजण तरी पडलाच पाहिजे असा बहुधा नियम असावा. खुनी त्यांच्याच कचेरीतली लिफ्ट दुरुस्त करायला तीनदा येतो, मुख्य इन्स्पेक्टर त्याच्याबरोबर वर जातो, खाली येतो, मान हलवून नमस्कार करतो, आणि बाहेर पडून पुन्हा खुनी शोधायला धावतो. मी वीस मिनिटांत ओळखला होता. कॅमेरा ज्या माणसाकडे दोनदा बघतो आणि बघितलं नाही असं दाखवतो, तो खुनी. मी हे शेजारी बसलेल्या डॉक्टरांना हळूच सांगितलं. ते म्हणाले, "इतकं सोपं नसतं ते." मग दीड तासाने तोच निघाला, तेव्हा म्हणाले, "तुम्हाला आधी कुणी सांगितलं होतं का?"

पहिला तास नुसता धुक्यात जातो. शेवटचा अर्धा तास रडण्यात जातो, कारण खुन्याला लहानपण होतं. लहानपण मलाही होतं. आमच्या वर्गातल्या पन्नासही जणांना होतं, आणि त्यांतले बहुतेक विमा कंपनीत लागले. खून का केले ते शेवटपर्यंत कळत नाही. तो पोलिसांना उगाच पत्रं पाठवून डिवचत बसतो, आणि शेवटी एका हातमोज्यावर कंपनीचा शिक्का राहतो म्हणून पकडला जातो. अकरा खून सफाईने केलेला माणूस हातमोजा विसरतो. दिग्दर्शकाला घरी जायची घाई झाली असणार.

तरी मी लिहायला बसलो. उणिवा चहा गार व्हायच्या आत झाल्या. जमेच्या बाजूंचा रकाना मात्र संध्याकाळपर्यंत कोरा. बायको दोनदा येऊन बघून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा म्हणाली, "एकही नाही ना? मी म्हटलंच होतं."

हे मला फार झोंबलं. मी चित्रपट पुन्हा पहिल्यापासून डोळ्यांसमोर आणला आणि माझ्या लक्षात आलं की त्या सगळ्या गदारोळात नीट काम करणारा माणूस एकच आहे, तो खुनी. मग मी त्याला बारकाईने पाहायला लागलो. तो जिना कसा चढतो, पिशवी कुठे ठेवतो, दार उघडण्याआधी किती वेळ थांबतो. हात पुसताना बोटं एकेक करून पुसतो. खरं सांगायचं तर त्या नटाने काम झकास केलं होतं, आणि तो पडद्यावर असला की हॉलमधली कुजबुज थांबायची. नमुन्यात 'सदर इसम' लिहायची हाताला सवय, तसंच लिहीत गेलो:

'१. सदर इसम एकट्याने काम करतो. कोणाची मदत मागत नाही. २. कामापूर्वी जागेची स्वतः पाहणी करतो. ३. हत्यारे वापरून झाल्यावर पुसून जागच्या जागी ठेवतो. ४. एकूण अकरा खून. एकही अर्धवट नाही. ५. प्रेतांची विल्हेवाट इतकी नीटनेटकी, की मागाहून शोधणाऱ्यास काहीही सापडत नाही.'

चित्रपटाचं नाव मला उच्चारताच येत नव्हतं, तर लिहिणार काय? ते बाईंनी वर घालावं म्हणून जागा सोडली. बायकोने वाचलं आणि म्हणाली, "चांगलं लिहिलंयत हो." एकवीस वर्षांत माझ्या लिखाणाला मिळालेली ही पहिली दाद, आणि ती एका खुन्यापायी.

पाकिटं मी स्वतः भरली. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे काही दिवस मी ती बायकोने भरली असं सांगत होतो. एकावर 'अध्यक्षबाईंस' आणि दुसऱ्यावर मौनीचा क्रमांक आधीच घालून ठेवला होता. दोन्ही नमुने सारखे, दोन्ही अक्षरं माझी, दोन्ही पाकिटं खाकी. सोमवारी एक मुख्यालयाच्या टपालात गेलं आणि एक बाईंच्या पेटीत.

पुढच्या रविवारी बाईंनी पाकीट फोडलं आणि वाचायला सुरुवात केली.

"सदर इसमाच्या चेहऱ्यावर कोणतेही भाव नसतात. बोलावल्याशिवाय बोलत नाही, बोलावले तरी बहुधा बोलत नाही. जेवताना एकटाच खिडकीकडे तोंड करून बसतो. मनात काय चालले आहे याचा थांगपत्ता लागत नाही. सहकाऱ्यांच्या सुखदुःखात सहभागी होत नाही. त्याच्याजवळ उभे राहिले असता अवघडल्यासारखे होते."

हा खुनी नव्हे, हा मौनी होता. आणि खुनी त्या घटकेला मुख्यालयात पोचून सहा दिवस झाले होते.

हॉल मात्र भारावला होता. काकू म्हणाल्या, "अगदी तस्साच होता हो मेला." डॉक्टरांनी हात वर केला, आणि वर ठेवूनच म्हणाले, "असं थंड विश्लेषण आपल्या मंडळात आजवर झालं नव्हतं." बाईंनी चष्मा काढला. "उणिवा उत्तम. पण जमेची बाजू एकच लिहिलीत. 'वेळेवर येतो.'" लोक हसले आणि मग कुणीतरी म्हणालं, "पण येतो बरं का. अकराही वेळा आला." टाळ्या पडल्या. त्या टाळ्या घेताना मी मान लववली, हे मी नाकारत नाही.

बायकोने टाळ्या वाजवल्या नव्हत्या. तिने खुन्याचा कागद वाचला होता, त्यामुळे हा कागद त्याचा नाही हे तिला पहिल्या ओळीलाच कळलं. घरी आल्यावर तिने खुर्ची जागेवर ठेवली आणि विचारलं, "हा कोण?"

मी सांगितलं.

"कायम व्हायचाय तो?"

"हो."

ती म्हणाली, "खुनी माणसाबद्दल पाच चांगल्या गोष्टी सापडल्या तुम्हाला. ह्याने किती जणांना मारलंय?"

मी पाकिटं तूच भरली असशील असं म्हटलं. त्यामुळे पुढचे चार दिवस घरात आणखी एक मौनी झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुख्यालयाच्या आस्थापना शाखेला फोन लावला. फोनवर एक बाई होत्या. त्यांना कसलीच घाई नव्हती.

"मी एक गोपनीय अहवाल पाठवला होता. तो तुमच्याकडे चुकून आलाय."

"चुकून म्हणजे? पोचला नाही?"

"पोचला. पण तो तो नाही."

"मग कोणता आहे?"

"दुसरा आहे."

"कुणाचा?"

एका कोरियन लिफ्टवाल्याचा, असं शाखाप्रमुखाने सांगायचं? "ते सांगता येणार नाही," मी म्हटलं.

"मग बरोबरच आहे," बाई म्हणाल्या. "गोपनीय अहवाल कुणाचा ते सांगायचं नसतंच."

अहवाल परत मागायचा असेल तर त्यासाठी वेगळा अर्ज होता. त्या अर्जाला मूळ अहवालाची नक्कल जोडावी लागते. नक्कल माझ्याकडे नव्हती. ती मिळण्यासाठी आणखी एक अर्ज, आणि तो शाखाप्रमुखाला करता येत नाही; ज्याचा अहवाल आहे त्यानेच करायचा. म्हणजे कोरियाला पत्र टाकणं आलं. मी फोन ठेवला.

मौनी माझ्यासमोर तीन हातांवर बसून पितळी वजनांवर खुणा मारत होता. महिनाअखेरीला अकरा दिवस उरले होते. त्याने एकदाही विचारलं नाही की माझं काय झालं. विचारलं असतं तर बरं झालं असतं, निदान मला त्याच्यावर खेकसता आलं असतं.

पाचव्या दिवशी मुख्यालयाचं पत्र आलं. सोबत माझा अहवाल, तांबड्या शाईने तपासलेला. मला वाटलं होतं पोलिस येतील. पण मुख्यालय अहवालातला मजकूर वाचत नाही, अहवालातलं शुद्धलेखन वाचतं. हे मला वीस वर्षांपूर्वीच कळायला हवं होतं.

'एकूण अकरा खून' यातल्या 'न'भोवती तांबडं वर्तुळ होतं. समासात लिहिलं होतं: 'न चा ण करावा. खात्याच्या मूलभूत शब्दात अशी चूक शाखाप्रमुखास शोभत नाही.' म्हणजे अकरा खुणा झाल्या, एकही अर्धवट नाही. 'प्रेतांची विल्हेवाट' यातली मात्रा खोडली होती. 'लेखनदोष. जुन्या प्रतींची असे वाचावे.' हत्यारांवर काहीच हरकत घेतली नव्हती, कारण आमच्याकडे हातोडी आणि ठसे यांना हत्यारंच म्हणतात. उणिवांचीही तीच गत. 'पहिला तास कंटाळवाणा' याच्यापुढे शेरा होता, 'सकाळचा पहिला तास सर्वत्र असाच असतो. वगळावे.' 'पोलिस खात्यास वारंवार पत्रे पाठवतो' यापुढे, 'इतर खात्यांशी पत्रव्यवहार ही उणीव नव्हे. वगळावे.' 'हेतू शेवटपर्यंत स्पष्ट होत नाही' यापुढे नुसतं 'असो.'

मी आयुष्यात पहिल्यांदाच न आणि ण यांचा इतका आभारी झालो. पण शेवटच्या उणिवेखाली दोन रेघा होत्या. मी लिहिलं होतं, 'शेवटी एका क्षुल्लक चुकीमुळे पकडला जातो.' त्यापुढे तांबड्या शाईत: 'पकडला जातो म्हणजे काय? काही घेताना? दक्षता समितीपुढे शाखाप्रमुख व सदर इसम यांनी समक्ष हजर राहावे. खुलासा समाधानकारक नसल्यास सदर इसमाची सेवा संपुष्टात येईल.'

आम्ही दोघं बसने मुख्यालयात गेलो. मौनीने इस्त्रीचा शर्ट घातला होता. वाटेत त्याने एकदा मला खिडकीची जागा दिली, बाकी काही बोलला नाही. मुख्यालयाच्या बोळात लाकडी बाक होता, तिथे तो हात मांडीवर ठेवून बसला. आत मला एकट्याला बोलावलं.

समितीत तिघं होते. मधल्या साहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि लांब नेला. "अहवाल चांगला आहे. फार बारकाईने लिहिलाय. पण हे पकडला जाण्याचं काय? कुणी पकडलं? कधी?"

खिशात मौनीचा खरा कागद होता. तो मी बाईंकडून पुन्हा वाचायचा म्हणून मागून आणला होता. आता बाहेर काढून एवढंच म्हणायचं होतं की, साहेब, घोटाळा झाला, हा घ्या खरा. माझी चूक पदरात पडली असती, थोडे हसले असते, आणि प्रकरण मिटलं असतं. मौनीही मिटला असता. नऊ उणिवा आणि 'वेळेवर येतो' एवढ्यावर आमच्या खात्यात भिंतीवरचं घड्याळसुद्धा कायम होत नाही.

मी खिशातून हात रिकामाच बाहेर काढला. "साहेब, तोही लेखनदोष आहे," मी म्हटलं.

"कसा?"

"'शेवटी क्षुल्लक चूकही पकडतो' असं हवं होतं. माझ्या हातून 'पकडला जातो' झालं."

डावीकडचे साहेब म्हणाले, "एका वाक्यात इतके दोष? तुम्ही शाखाप्रमुख कसे झालात?"

ही खोच मी गिळली. मधल्या साहेबांनी पेन उघडलं. "चूक पकडतो. ठीक. ही उणीव नाही मग. पण एक उदाहरण द्या. नोंद करावी लागेल. कुणाची चूक पकडली?"

मौनीने कुणाची चूक पकडली होती हे मला चांगलं माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी मी एका बाजारातले चाळीस तराजू तपासले असं लिहून सही केली होती. तपासले होते एकोणचाळीस. चाळिसावा कोपऱ्यात पोत्यामागे राहिला होता आणि तो खोटा होता. मौनी दुसऱ्या दिवशी आपणहून परत गेला, तो तराजू घेऊन आला, आणि माझ्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवून जागेवर जाऊन बसला. चिठ्ठीवर 'एक राहिला होता' एवढंच होतं. त्याने ते कुणाला सांगितलं नाही. मीही नाही. आणि तेव्हापासून त्याच्याजवळ उभं राहिलं की मला अवघडल्यासारखं व्हायचं.

"माझी," मी म्हटलं.

तिघांनी एकदमच वर बघितलं. मग मला ते सगळं सांगावं लागलं, तारखेसकट, आणि ते तिघांनीही सावकाश लिहून घेतलं. माझ्या स्वतःच्या सेवापुस्तकात त्याची नोंद होईल असं मला बजावण्यात आलं. रकाना अर्थातच उजवीकडचा.

महिना संपायला दोन दिवस असताना मौनीचा कायम झाल्याचा हुकूम आला. हुकुमाबरोबर जमेच्या बाजूंची नक्कल संबंधिताला द्यायची असा नियम आहे, तशी ती त्याला मिळाली. त्याने ती जागेवर बसून वाचली, घडी केली, उघडली, पुन्हा वाचली. मी मान खाली घालून टपाल बघत होतो. जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"साहेब, अकरा नाहीत," तो म्हणाला. "गेल्या वर्षी चार हजार दोनशे खुणा मारल्या मी."

"बरं," मी म्हटलं.

"पण बाकी..." तो थांबला. सहा वर्षांत तो माझ्याशी एवढा बोलला नव्हता, आणि अजून संपलं नव्हतं. "मी हत्यारं पुसून जागेवर ठेवतो, हे कुणी बघत असेल असं मला वाटलं नव्हतं."

माणसाने अशा वेळी काय करावं याचा काही नमुना छापलेला नाही. मी 'हं' केलं.

त्याने खिशातून फोन काढला. "आईला सांगितलं मी. तिला खरं वाटत नाहीये. म्हणते, तुझ्याबद्दल एवढं कोण लिहील. तुम्ही वाचून दाखवाल का तिला?"

नाही म्हणायला मला कारण सुचेना. त्याने नंबर लावून फोन माझ्या हातात दिला आणि नक्कल समोर ठेवली. पलीकडून एक म्हातारा आवाज म्हणाला, "कोण, साहेब का?"

मी वाचायला लागलो. एकट्याने काम करतो. जागेची स्वतः पाहणी करतो. हत्यारं पुसून ठेवतो. अकरा खुणा, एकही अर्धवट नाही. जुन्या प्रतींची विल्हेवाट नीटनेटकी. माझ्या डोळ्यांपुढे तो लिफ्टवाला धुक्यातून पिशवी घेऊन चालला होता, आणि मला स्वतःचीच किळस आली. पाचव्या ओळीपाशी मी थांबलो.

"आणि?" आई म्हणाली.

कागद संपला होता. मौनी नेहमीसारखा खिडकीकडे तोंड करून उभा होता. त्याची मान लाल झाली होती.

"आणि," मी म्हटलं, "दुसऱ्याची चूक दिसली की चिठ्ठीवर लिहून देतो. चारचौघांत बोलत नाही."



"हे पण लिहिलंय त्यात?" आईने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "त्यात नाही. हे मी सांगतोय."